महीनच्या घोड्यांचा पत्ता

गाणी, तबकड्या आणि कॅसेट यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना बेळगावच्या आमच्या कॅसेटवाल्या ताई उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, राहणार शहापूर, बेळगाव. १९९६ साली माझी कलकत्त्याला बदली झाली. मंडळी इकडंच, मी ढाकुरियात एका घराच्या माडीवर एकटा. घरमालकांचा मुलगा कॉलेजात होता. रात्री त्याच्या खोलीतून गिटारवरचं एक गाणं यायचं. बंगाली मला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या गाण्यासाठी मी जिन्यात थांबून राहायचो. त्यानं ते बघितलं आणि अख्खी कॅसेट मला भरून दिली. वर नाव बंगालीत लिहिलेलं. तोंडी सांगितलं त्यातलं ‘घोडा’ एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

पुढं निपाणीला बदली झाली. कॅसेट एका सहकाऱ्यानं ऐकायला म्हणून नेली ती नेलीच. २००६ साली निपाणी-बेळगाव बसमध्ये हिंदी गाणं लागलं, तर चाल तीच! शेजारच्याला म्हटलं, हे मूळ बंगाली आहे. तो म्हणाला, असेल की. गेल्या दिवाळीत भाच्यानं मोबाईलवर शोधून ‘मोहीनेर घोडागुली’ नावाचा बँड काढून दिला. ऐकतो तर बासरी, व्हायोलिन, गळे सगळे निराळे. हा माझा बँड नव्हेच. मग त्यानं ते एक गाणंही काढलं. गाणं तेच, पण आवाज खाली आणि चाल संथ. माझ्या कॅसेटवर ते नक्की चढं होतं. माझा बँड कुठला? ते लोक अजून गातात का? की माझेच कान आता उतरलेत?

उत्तर : कानांची काळजी सोडा आणि भाच्याला शाबासकी द्या. बँड तोच आहे. घोटाळा एवढाच की तुमची गाठ त्याच्या दुसऱ्या जन्माशी पडली, आणि भाच्यानं नेमका पहिला जन्म काढून दिला.

हा बँड कलकत्त्यात १९७०च्या दशकाच्या मध्याला जमला. सात जण होते म्हणून आधी ‘सप्तर्षी’ म्हणवून घ्यायचे. मग त्यांच्यातल्या रंजन घोषालनं जीवनानंद दासांच्या एका कवितेतून ‘महीनेर घोडागुली’, म्हणजे महीनचे घोडे, हे नवं नाव काढलं. कार्तिकातल्या चांदण्यात माळावर महीनचे घोडे चरतायत, अशी तिच्यात ओळ आहे. तेव्हा तुमच्या डोक्यात राहिलेला घोडा शंभर टक्के खरा. म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय. नक्षलवादी चळवळीत शिरून तुरुंग बघून आलेला गडी. बरोबर त्याचे भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, शिवाय तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि अब्राहम मजुमदार. बाउलांची, म्हणजे बंगालच्या फिरत्या लोकगायकांची, गाणी, जॅझ, विलायती गिटार आणि कलकत्त्याच्या रस्त्यावरचं रोजचं बोलणं, हे सगळं त्यांनी एका पातेल्यात घातलं. त्या काळच्या बंगाली श्रोत्याला एकतर रवींद्रसंगीत हवं, नाहीतर सिनेमातलं. ह्यांचं काय करायचं ते कुणाला कळेना.

तबकड्या तीन निघाल्या. १९७७ सालची ‘संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक’, १९७८ सालची ‘अजाना उडन्त वस्तु’, आणि १९७९ सालची ‘दृश्यमान महीनेर घोडागुली’. असली नावं छापल्यावर दुकानदार तबकडी कुठल्या फळीवर लावणार सांगा! १९८१च्या सुमारास बँड मोडला आणि जो तो पोटापाण्याला लागला. गौतमनं सिनेमे काढले. त्याच्या ‘नागमती’ला उत्कृष्ट बंगाली चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकसुद्धा मिळालं.

आता तुमच्या कॅसेटकडं येऊ. १९९५ साली गौतमनं बँडचं नाव परत बाहेर काढलं आणि एक कॅसेट आणली, ‘आबार बछर कुडी परे’. पुन्हा वीसेक वर्षांनी. हेही जीवनानंदांकडूनच घेतलेलं. पण जुने सात जण बसून ती गायले असं नाही. गौतम तिचा संपादक होता, हो, संपादकच, आणि तसंच म्हणवून घ्यायचा. दिवाळी अंकाचा संपादक जसा नव्या-जुन्यांकडून मजकूर मागवून अंक बांधतो, तशी त्यानं तरुण पोरापोरींकडून, नव्या बँडांकडून गाणी गाऊन घेतली. काही जुन्या वहीतली, काही नवी. ती चालली म्हणून पुढच्या वर्षांत ‘झरा समयेर गान’, ‘माया’ आणि ‘ख्यापार गान’ आल्या. ज्या बँडला १९७८ साली गिऱ्हाईक नव्हतं, त्याच्यावर कॉलेजची पोरं उड्या मारायला लागली. तुमच्या घरमालकांचा मुलगा त्यातलाच. म्हणून १९७७चे गळे तुम्हाला परके वाटले. त्या सातांचा मेळ तुमच्या कॅसेटवर नव्हताच.

तुम्हाला फसल्यासारखं वाटायचं काही कारण नाही. माझ्याकडं खडेबाजारच्या दुकानात ‘मूळ गायकाचीच द्या’ म्हणून हटून बसणारी गिऱ्हाइकं असायची, आणि घरी नेऊन ऐकायची मात्र दुसऱ्यानं गायलेलीच, कारण कानाला तीच सवय. कुणाचा आवाज आधी कानात शिरला, एवढ्यावरच हे ठरतं.

मला हे सगळं ठाऊक कसं? सांबऱ्याच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळं. तिथं देशभरातली पोरं येतात. रविवारी सुट्टी मिळाली की गणवेश इस्त्री करून बाजारात. त्यातला एक बंगाली पोरगा माझ्याकडं यायचा. माझ्या फळ्यांवर अभंग, कन्नड भक्तिगीतं, गोव्याची कोंकणी तियात्रातली गाणी आणि हिंदी सिनेमा. बंगालीच्या नावानं शून्य. मग सुट्टीवरून येताना त्यानंच हीच कॅसेट आणली आणि माझ्या काउंटरवरच्या टेपवर लावली. तुम्ही जिन्यात ऐकायचा ते गाणं आलं तेव्हा त्यानं पुडी बांधायच्या कागदावर मला त्याचा अर्थ हिंदीत लिहून दिला. जग म्हणे लहान होत होत सॅटेलाइट आणि केबलच्या हाती सापडलं आणि दिवाणखान्यातल्या येड्या खोक्यात कैद झालं. बाहेर त्या वेळी आमच्या गल्लीत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलची काळी वायर ओढायचं काम चाललेलं. मी कागद वाचला, वर बघितलं, आणि खो-खो हसले. पोरगा बावचळला.

बाकी भाषा कळत नसताना गाणं आवडलं ह्याचा संकोच तुमच्या पत्रात मला दिसला. आपण बेळगावचे, साहेब! शेजारच्या घरात कन्नड, पलीकडं कोंकणी, मशिदीच्या बाजूला दखनी. गदगकडच्या भीमसेन जोशींनी तुकोबा घरोघर नेले आणि पुरंदरदासही त्याच गळ्यानं. आपल्याकडं ह्याला कुणी नवल म्हणत नाही.

आता चढ्या सुराचं. टेप चालवायचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. ज्या टेपवर तुमची कॅसेट भरली तो जर सावकाश पळत असला, म्हणजे सेल उतरले, पट्टा सैल पडला, मोटर थकली, तर गाणं फितीच्या कमी लांबीत कोंबलं जातं. तीच कॅसेट धड चालणाऱ्या टेपवर लावा, गाणं घाईत आणि वरच्या सुरात येतं. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर एका पट्टीनं सरकतो, पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं, आणि चार मिनिटांचं गाणं चौदा सेकंदं आधी संपतं. माझी पैज, त्या पोरानं तुमची कॅसेट दिवे गेले असताना सेलवर भरली असणार. तुम्हाला आठवतंय ते बरोबर आठवतंय. तुम्ही ते गाणं कायम चढंच ऐकलेलं आहे.

भाच्याला सांगा, संगणकावर ‘ऑडॅसिटी’ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घे, त्यात गाणं उघड आणि ‘चेंज स्पीड’मध्ये (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) जाऊन पाच-सहा टक्के वाढव. ‘टेम्पो’ला हात लावू नको म्हणावं, त्यानं वेग वाढतो आणि सूर तिथंच राहतो. दोन-तीनदा कमीजास्त करून बघा. ढाकुरियाच्या जिन्यातलं गाणं सापडेल. शुद्ध मूळ गाणं ऐकायचं असेल तर खालचं ऐका. मला विचाराल तर दोन्ही ठेवा आणि कुणाला सांगू नका.

बसमधलं गाणं ‘गँगस्टर’ सिनेमातलं, २००६चं, संगीत प्रीतमचं. चाल त्याच गाण्याची, शब्द हिंदी आणि विषय साफ निराळा. गायलाय जेम्स, बांगलादेशातल्या ‘नगर बाउल’ बँडचा. म्हणजे गाण्यानं भाषा बदलली तरी गळा बंगालीच मिळाला. मला तो आवाज आवडतो, चालीची उसनवारी आवडत नाही. शेजारच्या प्रवाशाला आता सांगायला हरकत नाही, भेटला तर.

अजून गातात का, विचारलंत. गौतम १९९९च्या जूनमध्ये गेला. म्हणजे तुम्ही निपाणीत खातेवही उघडून बसला होता तेव्हा. रंजन घोषाल पुढं बंगळुरूत स्थायिक झाले, जाहिरातीच्या धंद्यात आणि नाटकात रमले, आणि २०२०च्या जुलैमध्ये तिथंच वारले. तुमच्या बँडला नाव देणारा माणूस इतकी वर्षं बेळगावहून रात्रीच्या एका गाडीच्या अंतरावर होता. आपल्याच राज्यात म्हणणार होते, पण तो शब्द आपल्याकडं जपून वापरलेला बरा. तापस दास २०२३च्या जूनमध्ये कॅन्सरनं गेले. अब्राहम मजुमदारांनी कलकत्त्यात व्हायोलिन शिकवून पिढ्या तयार केल्या. सातांचा मेळ आता जमणार नाही.

तेव्हा तुमच्यासाठी उरलं ते हे : आता १९७७ची तबकडी ऐका. भाच्यानं लावल्यावर तुम्ही दोन मिनिटांत बंद करायला लावली असणार, तुमच्या पत्राच्या सुरावरून कळतंय. रागावू नका, पण तुमची लाडकी कॅसेट मला जराशी गुळगुळीत वाटते. ध्वनिमुद्रण चांगलं, वाद्यं जागच्या जागी, पोरं तयारीची. १९७७मध्ये तसं नाही. गळे कापतात, बासरी मध्येच घुसते, कोरस एकमेकांच्या पायात येतो. पण कुणीच न केलेलं काहीतरी आपण करतोय हे त्या पोरांना ठाऊक आहे आणि त्यांना त्याची भीतीही वाटतेय, हे मला त्या तबकडीत ऐकू येतं. नंतरच्या कॅसेटमध्ये ती भीती गेली. एकदम सगळं लावू नका. रोज एक गाणं, रात्री, आणि मोबाईलच्या स्पीकरवर मुळीच नको. तुमच्या घरात जुने हेडफोन असतील ते काढा.

सहकाऱ्यानं कॅसेट परत दिली नाही म्हणता, त्यावर माझ्याकडं इलाज नाही. माझ्या दुकानातूनही ‘ताई, उद्या आणून देतो’ म्हणून गेलेल्यांची यादी आहे.

प्रश्न : ताई, आमचं घर खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या बाजूला. आईनं भजनी मंडळाच्या कॅसेट भरून ठेवल्या होत्या, त्यांवर पांढरी बुरशी आली आहे. पुसून लगेच टेपवर लावल्या तर चालतील का?

उत्तर : लगेच लावू नका. बुरशी टेपच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि मग पुढची चांगली कॅसेटही खराब करते. तुमच्याकडचा पाऊस मला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर कपाटातली चपलसुद्धा हिरवी होते. हे काम उन्हाळ्यात काढा.

आधी कॅसेट पेटीत भरपूर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठ-दहा दिवस ठेवा. मग अंगणात बसून, तोंडाला फडकं बांधून कॅसेट खोला. पाच बारके स्क्रू असतात. नसले आणि कवच चिकटवलेलं असलं तर सांध्यात पातळ सुरी घालून हळूच उघडा, आतले नाजूक तुकडे उडू देऊ नका. फितीच्या गुंडाळ्याच्या वरच्या कडेवर पांढरं जाळं दिसेल, ते मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. पाणी नको, अत्तर नको, रॉकेल तर नकोच. फीत कुठं काळवंडली किंवा थरांना थर चिकटले असतील तर तिथं ओढायचं नाही. तसल्या कॅसेट जाणकाराकडंच द्या. एक गोष्ट नक्की बघा : फितीच्या मागं, पुढच्या खिडकीपाशी, पितळी पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते. जुन्या कॅसेटमध्ये तिचा डिंक सुटतो आणि ती पडून आत कुठंतरी लोळत असते. ती नसली की आवाज चादरीखालून आल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात फीत गेली. फीत गेलेली नसते. दुसऱ्या एखाद्या बिनकामाच्या स्क्रूवाल्या कॅसेटचं कवच घ्या, तिच्यात गादी शाबूत असते. आपले दोन्ही गुंडाळे जसेच्या तसे उचलून त्यात बसवा.

मग पेन्सिल भोकात घालून हातानं एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. षटकोनी पेन्सिल बरोबर बसते. टेपचं फास्ट फॉरवर्ड नको. त्यानंतर लावा, आणि प्रत्येक बाजू संपली की हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. चांगला भारी टेप ह्या कामाला वापरू नका, साधा पण धड चालणारा पुरे. आवाज दबका वाटला तर हेडशेजारी एक बारका स्प्रिंगवाला स्क्रू असतो, तो पाव-पाव आटा फिरवून बघा, टाळांचा आवाज लख्ख झाला की थांबा. भजनाच्या कॅसेटला टाळांपेक्षा चांगली खूण नाही. लाइन आउटमधून संगणकावर घ्या, आणि एमपीथ्री नंतर करा, आधी वेव्ह फाइल ठेवा.

साठ मिनिटांच्या कॅसेट आधी घ्या. एकशेवीसवाल्या शेवटी, त्यांची फीत साठवालीच्या निम्म्या जाडीची असते आणि जरा ओढ बसली की ताणते. आईंचा आवाज कुठल्या कॅसेटवर आहे ते आधीच विचारून चिठ्ठी लावून ठेवा. हे त्यांनाच विचारायचं काम आहे, आणि ते उन्हाळ्यापर्यंत थांबवू नका.

प्रश्न : आमच्या चिकोडी तालुक्यात ऐंशीच्या दशकात एक ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत, जत्रेत, लग्नात वाजायचा. आम्हा पोरांना तो मुंबईच्या कुठल्याही पार्टीपेक्षा मोठा वाटायचा. त्यांची कॅसेट कधी निघाली नाही. आवाज कुठं मिळेल?

उत्तर : वर शहापूरच्या साहेबांचं नशीब चांगलं, त्यांच्या बँडनं निदान तबकड्या काढल्या. तुमच्यासारख्यांची पत्रं जास्त येतात. कंपनीकडं, रेडिओकडं जाऊन उपयोग नाही, तिथं हे लोक पोचलेच नाहीत.

पहिली धाव साउंड सर्व्हिसवाल्याच्या घरी. मिक्सरला कॅसेट डेक जोडून अख्खा कार्यक्रम भरून घ्यायची काहींना हौस असायची. दुसरी धाव वादकांकडं, त्यातही की-बोर्ड आणि ॲकॉर्डियन वाजवणाऱ्यांकडं. चाली बसवायला तेच कॅसेट बाळगायचे. गायकाकडं सहसा फोटो मिळतात, आवाज नाही.

आणि एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही : लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडं लग्नाचं शूटिंग करायचं फॅड आलं. संध्याकाळच्या रिसेप्शनला मागं ऑर्केस्ट्रा चाललेला असतो आणि कॅमेरा अर्धा तास आहेर देणाऱ्यांवर. चित्र बघवत नाही, पण आवाज सलग भरलेला असतो. व्हीसीआर चालू स्थितीत असलेला कुणी सापडला तर नुसता ऑडिओ काढून घेता येतो. मधून मधून ‘इकडं बघा, इकडं बघा’ म्हणणारा कॅमेरावाला ऐकू येईल, त्याला इलाज नाही. त्या काळात तुमच्या गावात कुणाकुणाची लग्नं झाली ती आठवा आणि नवरीकडच्यांना आधी विचारा. व्हिडिओचे पैसे बहुतेक त्यांनीच दिलेले असतात, त्यामुळं कॅसेटही त्यांच्याच कपाटात असते.